रिपोर्टात पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे चांगलं का वाईट?

मामीच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, आणि आठ-दहा दिवसांनी मामांचा फोन आला, तोही रात्री साडेदहाला, म्हणजे बागेतनं येऊन, मोटर बंद करून, जेवणखाण सगळं उरकून. "अगं, रिपोर्ट व्हॉट्सॅपला टाकलाय बघ. ईआर पॉझिटिव्ह लिवलंय, पीआर पॉझिटिव्ह लिवलंय, हर-टू पुढं दोन आणि अधिकचं चिन्ह हाय, आणि खाली केआय-सदुसष्ट तीस टक्के. तीस टक्के म्हंजे तीस टक्के पसरलाय का गं?"

मी मिरजेत एका लॅबमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीला टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुकडा आला की तो मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, हे माझं काम. रिपोर्टवर सही आमच्या मॅडमची. पण घरातलं एक माणूस लॅबमध्ये असलं की अख्ख्या भावकीचे रिपोर्ट त्याच्याच फोनवर येऊन पडतात, अगदी गुडघ्याच्या एक्सरेसकट, त्यामुळं समजावून सांगायची सवय झालीय.

मामांचं तसं काही चुकलं नव्हतं. करोनानं आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एकच बसवलंय, पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे सुटलो. कॅन्सरच्या रिपोर्टात ते चालत नाही. तिथं पॉझिटिव्ह म्हणजे फक्त "ही गोष्ट ह्या गाठीत सापडली". ती सापडली म्हणून आनंद मानायचा का डोक्याला हात लावायचा, हे त्या गोष्टीवर ठरतं, आणि आज आपल्याकडं औषध कुठलं आहे ह्यावरही ठरतं.

आणि खरा घोळ पुढं आहे. रिपोर्टात ह्या गोष्टी एकाखाली एक किराणाच्या यादीसारख्या छापलेल्या असतात, पण त्या एका जातीच्या नसतात. डॉक्टर लोक त्यांना प्रोग्नॉस्टिक मार्कर आणि प्रेडिक्टिव्ह मार्कर म्हणतात. नावं ऐकली की दोन्ही भविष्य सांगणारीच वाटतात आणि खरं सांगते, मलाही पहिली दोन वर्षं ती उलटसुलट व्हायची. मग मी माझ्यापुरतं असं ठरवलं की प्रोग्नॉस्टिक म्हणजे गाठीचा स्वभाव सांगणारा, तापट आहे का थंड, उद्या लवकर उलटेल का. आणि प्रेडिक्टिव्ह म्हणजे हे अमुक औषध हिला लागू पडेल का नाही ते सांगणारा. स्वभाव एक आणि लागू पडणं दुसरं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती म्हणून मी तासगावला गेले. मामांची द्राक्षाची बाग आहे, तेव्हा मी बागेतच शिरले. म्हटलं, मामा, ऑक्टोबर छाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली आणि नेमका पाऊस लागला तर बागेचं काय होणार हे तुम्ही बांधावरनं सांगता की नाही? "सांगतो की. छाटणी कवा घेतली, जात कुठली, पाणी साचतंय का, घड किती, बघितलं की अंदाज येतोय." हे झालं प्रोग्नॉस्टिक. आता पानावर डाग दिसला. गंधक मारायचं का? मामा म्हणाले, "आधी डाग बघाय पायजे. भुरी असली तर गंधक. डाऊनी असली तर गंधक मारून काय उपेग, नुसता खर्च." हे झालं प्रेडिक्टिव्ह. पावसाचा अंदाज कितीही बरोबर असला तरी त्यावरनं कुठली पुडी फोडायची ते कळत नाही, आणि डाग भुरीचा आहे एवढं कळलं म्हणून ह्या साली किती माल हाती लागेल तेही कळत नाही.

मामा जरा गप्प बसले आणि म्हणाले, "पण भुरी आणि डाऊनी हे दोन येगळं रोग हायत. हिचा तर एकच हाय." बरोबर पकडलं होतं त्यांनी. पण गंमत अशी की ब्रेस्ट कॅन्सर हे एकच नाव असलं तरी मायक्रोस्कोपखाली आणि जीन्सच्या पातळीवर ते तीन-चार वेगळे आजार निघतात, आणि हे मार्कर म्हणजे ते वेगळे करायची चाळणीच.

आता सगळ्यात अवघड भाग, जो सांगायला मला चहाचे दोन कप लागले. एखादा मार्कर नुसता स्वभाव सांगतो का औषधाचं सांगतो, हे ओळखायचं कसं? वरवर दोन्ही सारखेच दिसतात. समजा अमुक मार्कर असलेल्या शंभर पेशंटना नवीन औषध दिलं आणि ते बाकीच्यांपेक्षा जास्त जगले, तर कुणीही म्हणेल की बघा, मार्करवाल्यांना औषध लागू पडलं. पण ते औषध न घेताही तेवढेच जगले असते तर? मामांना हे सांगायला मला कष्टच पडले नाहीत, कारण औषध कंपनीचा माणूस दरवर्षी त्यांना "डेमो प्लॉट" दाखवायला नेतो, आणि येताना मामा दरवर्षी हेच म्हणतात की ती बाग मुळातच चांगली, विहिरीला पाणी भरपूर, मालक दिवसरात्र बागेत, तिथं नुसतं ताक फवारलं असतं तरी घड असेच आले असते. औषधाचा गुण बघायचा तर चांगल्या बागेत दोन ओळी फवारलेल्या आणि दोन बिनफवारणीच्या पाहिजेत, आणि रोगट बागेतही तसंच. म्हणजे चार खाने झाले. हे चार खाने भरल्याशिवाय प्रेडिक्टिव्ह हा शब्द वापरायचा नाही.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी त्यांना चार खाने काढून दाखवले, खऱ्या आकड्यांचे. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर जेफिटिनिब नावाची गोळी आहे. २००९ मध्ये पूर्व आशियातल्या पेशंटवरची एक मोठी ट्रायल प्रसिद्ध झाली, तिचं नाव आयपास, साधारण बाराशे पेशंट होते, सिगारेट न ओढणारे किंवा पूर्वी थोडी ओढून सोडलेले. निम्म्यांना ही गोळी, निम्म्यांना नेहमीची केमो. आणि ज्यांचा तुकडा तपासता आला त्यांच्यात ईजीएफआर ह्या जीनमध्ये बिघाड आहे का ते बघितलं.

बिघाड असलेल्यांना गोळी दिली तर शंभरातल्या ७१ जणांची गाठ चांगली आकसली. बिघाड नसलेल्यांना तीच गोळी दिली तर शंभरात एकाची. एकाची! केमोच्या बाजूला बघितलं तर बिघाड असलेल्यांत ४७ आणि नसलेल्यांत २३-२४.

हे चार आकडे जरा निवांत वाचा, कारण सगळं त्यात आहे. आधी फक्त केमोचे दोन बघा, ४७ आणि २३. औषध तेच, तरी बिघाडवाल्यांना दुप्पट गुण, म्हणजे ह्या गाठी मुळातच जरा नरम स्वभावाच्या दिसतात. आता गोळीचे दोन बघा, ७१ आणि १. हा फरक नुसत्या स्वभावानं पडत नाही. आणि आडवं वाचलंत तर अजून मजा, बिघाड असलेल्याला गोळी केमोपेक्षा बरी, नसलेल्याला केमो गोळीपेक्षा कितीतरी बरी. मार्कर बघितल्यावर औषधांचा क्रमच उलटा होतो. सरसकट सगळ्यांना गोळी दिली असती तर ज्यांच्यात बिघाड नव्हता त्यांचं नुकसान झालं असतं, आणि सगळ्यांना मिळून एक सरासरी काढली असती तर हे कुणाला दिसलंच नसतं. म्हणून आता फुफ्फुसाच्या ह्या जातीच्या कॅन्सरला ईजीएफआर बघितल्याशिवाय गोळी लिहीत नाहीत. "गोळीच द्या, केमो नको, केस जातात" असं म्हणणारे नातेवाईक मी रोज बघते, त्यांना हे ७१ आणि १ सांगावंसं वाटतं.

बरं, मामीच्या रिपोर्टकडं येऊ.

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन ह्या बायकांच्या हार्मोनला पकडणारी जागा (पीआर ही तशीच प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या हार्मोनची), पेशीच्या केंद्रकात असते, आम्ही रंगवतो तेव्हा केंद्रकं तपकिरी दिसतात. शंभरात एक पेशी जरी रंगली तरी पॉझिटिव्ह धरतात, १ ते १० टक्के असलं तर "लो पॉझिटिव्ह" असं वेगळं लिहितात. ह्याची गोष्ट फार जुनी आहे. १८९६ मध्ये बीटसन नावाच्या स्कॉटिश सर्जननं छातीच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये बाईची ओव्हरी काढून टाकली आणि गाठ विरली असं लिहून ठेवलं. पुढं बऱ्याच जणांनी तेच ऑपरेशन केलं पण गुण यायचा तो साधारण तिघींतल्या एकीला, आणि कुठल्या एकीला ते आधी कळायचं नाही, म्हणजे दोघींचं ऑपरेशन फुकट. विसाव्या शतकाच्या मध्यात जेन्सन नावाच्या शास्त्रज्ञानं शिकागोत ही पकडणारी जागा शोधली आणि मग उलगडलं, जागा असेल तिलाच गुण. आज ओव्हरी काढायच्या ऐवजी टॅमॉक्सिफेनची साधी स्वस्त गोळी असते किंवा पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोलसारखी. ईआर पॉझिटिव्ह बाईनं पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली तर ह्या कॅन्सरनं दगावण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं कमी होतं. ईआर निगेटिव्ह असेल तर तीच गोळी पाच वर्षं गिळून फायदा शून्य.

शिवाय ईआर पॉझिटिव्ह गाठी पहिल्या काही वर्षांत स्वभावानंही जरा थंड असतात. म्हणजे हा मार्कर दोन्ही कामं करतो. मामीचा ईआर पॉझिटिव्ह, ही चांगलीच बातमी होती, आणि मामा रात्रभर तीच वाईट समजून बसले होते.

हर-टूची कथा मला सगळ्यात आवडते. ह्या जीनच्या आपल्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात. छातीच्या कॅन्सरमध्ये शंभरातल्या साधारण १५ ते २० जणींच्या गाठीत ह्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात आणि पेशीच्या कडेला त्या प्रोटीनची जत्रा भरलेली असते. १९८७ मध्ये अमेरिकेत डॉ. स्लेमन आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं की अशा बायकांचा आजार लवकर उलटतो आणि त्या कमी जगतात. म्हणजे त्या वेळी हर-टू हा शुद्ध प्रोग्नॉस्टिक मार्कर, आणि तोही वाईट. तेव्हा कुणाला "हर-टू पॉझिटिव्ह" सांगणं म्हणजे नुसती वाईट बातमी देणं, हातात काही नाही. मग त्याच प्रोटीनला जाऊन चिकटणारं ट्रॅस्टुझुमॅब आलं, १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. गाठ तीच, रंग तोच, काचेवरची तपकिरी जाळीदार नक्षी तीच, पण आता त्याचा अर्थ "हिला हे औषध लागू पडेल" असा झाला. २०१४ पासून आपल्याकडं भारतीय कंपनीचं ट्रॅस्टुझुमॅबही मिळायला लागलं, त्यानं किंमत उतरली. तरी वर्षभर दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून घ्यायचं म्हणजे सामान्य माणसाला जडच, तेव्हा योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, चौथ्या सलाईनला नको.

मामीचं हर-टू दोन प्लस होतं. शून्य आणि एक प्लस म्हणजे निगेटिव्ह धरतात (अलीकडं एक प्लससाठीही आजार पसरलेला असेल तर एक वेगळं औषध निघालंय, पण तो विषय आज नको). तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. दोन प्लस म्हणजे डोळ्यांनी ठरत नाही, पुढची टेस्ट करा. त्या टेस्टचं नाव फिश. मामा म्हणाले, "मासा?" मग सांगितलं की त्यात जीनच्या प्रतीच मोजतात, अंधाऱ्या खोलीत खास मायक्रोस्कोपखाली हर-टूचे ठिपके लाल चमकतात, आणि ज्या गुणसूत्रावर तो जीन बसलेला असतो त्याच्या खुणेचे ठिपके हिरवे. लाल हिरव्याच्या दुप्पट किंवा जास्त निघाले की साधारण पॉझिटिव्ह. आमच्याकडं ती होत नाही, तुकड्याचा मेणातला ब्लॉक बाहेर पाठवावा लागतो.

आणि तो तीस टक्क्यांचा केआय-६७. पसरण्याशी त्याचा काही संबंध नाही. शंभर पेशी मोजल्या तर त्यातल्या तीस विभागणीच्या कामाला लागलेल्या आहेत, एवढाच अर्थ. गाठीचा वेग म्हणा. आकडा मोठा तर गाठ तापट, म्हणजे हा स्वभावाच्या खान्यातला. पण त्याच्यावर फार जीव टाकू नका. आपल्या सांगलीत आयर्विन पुलाला रेघा आहेत, चाळीस फुटाला इशारा आणि पंचेचाळीसला धोका, त्यावर कुणी वाद घालत नाही. केआय-६७ ला तशी रेघ नाही. पाचच्या आत म्हणजे कमी आणि तीस आणि वर म्हणजे जास्त एवढ्यावर तज्ज्ञांचं बऱ्यापैकी जुळतं, मधलं सगळं लॅबवर, मोजणाऱ्यावर आणि काचेचा कुठला कोपरा बघितला त्यावर. एकाच काचेवर दोन डॉक्टर अठरा आणि सव्वीस असे आकडे देताना मी बघितलेत, दोघंही हुशार.

स्वभाव सांगणारं सगळ्यात भरवशाचं साधन अजूनही जुनंच आहे, गाठ केवढी आहे आणि काखेतल्या किती गाठींत (लिम्फ नोडमध्ये) ती गेलीय. नवीन टेस्टच्या नादात हे लोक विसरतात.

औषध लागू पडणार नाही हे आधी कळणं हासुद्धा फायदाच असतो. मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलेला असला तर सिटुक्सिमॅब नावाचं महागडं औषध आहे, ते पेशीच्या बाहेरच्या ईजीएफआरच्या स्विचवर जाऊन बसतं आणि तो बंद करतं. पण साधारण ४० टक्के पेशंटमध्ये आतला केरास नावाचा जीन बिघडून कायमचा चालू अवस्थेत अडकलेला असतो. मामांच्या भाषेत, स्टार्टरचं लाल बटण दाबलं, पण कुणीतरी आतून वायर डायरेक्ट जोडून ठेवलीय, मोटर कशी थांबणार? ह्या पेशंटना ते औषध दिलं तर अंगावर पुरळ उठतो, पैसे जातात, आणि गाठीला फरक नाही. २००८ च्या सुमारास हे पक्कं झालं, तेव्हापासून आधी केरास बघतात.

तसंच केमो टाळायचंही. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, काखेत काही नाही अशा बायकांसाठी २१ जीन्सची एक टेस्ट आहे, तिच्यात स्कोर येतो. २०१८ मध्ये टेलर-एक्स नावाच्या ट्रायलचे निकाल आले, दहा हजारांवर बायका होत्या, आणि मधल्या स्कोरच्या बायकांना हार्मोनच्या गोळीवर केमो वाढवून एकूणात जास्तीचा फायदा दिसला नाही. पन्नाशीच्या आतल्या काहीजणींना थोडा दिसला. टेस्ट महाग आहे हे खरं, पण विनाकारणाची केमोही काही स्वस्त नाही, आणि ती अंगावर काढावी लागते ते वेगळंच.

एक जाता जाता. "फुल बॉडी चेकअप" च्या पॅकेजमध्ये रक्तातले सीईए, सीए-१२५ वगैरे कॅन्सरचे मार्कर टाकतात त्याला ह्या गोष्टीत धरू नका. सीए-१२५ पाळीच्या दिवसांतही वाढतं, पोटाच्या टीबीतही वाढतं. ज्याला कॅन्सर आहे त्याच्या उपचारावर लक्ष ठेवायला ते कामाचे, धडधाकट माणसानं चतुर्थीच्या ऑफरमध्ये करून घ्यायचे नाहीत, मग रात्रीची झोप जाते.

आता माझ्या टेबलावरची तक्रार. एवढे सगळे मार्कर, एवढी महाग औषधं, आणि सगळं अडतं कशावर, तर डबीतल्या पाण्यावर. तुकडा काढला की लगेच फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू न देणाऱ्या औषधी पाण्यात, पडला पाहिजे, तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मलिन पाहिजे, आणि ह्या टेस्टसाठी तो त्यात किमान सहा तास आणि जास्तीत जास्त बहात्तर तास राहावा असा नियम आहे. मागं एका ठिकाणाहून शनिवारी संध्याकाळी एसटीनं डबी आली, सोमवारी उघडली तर आत सलाईन. फॉर्मलिन संपलं होतं म्हणे. ईआर निगेटिव्ह आला, पण त्याच काचेवर बाजूच्या निरोगी दूधनळ्या होत्या, त्या रंगायला पाहिजे होत्या आणि त्याही कोऱ्या. मॅडमनी रिपोर्ट दिला नाही, परत तुकडा मागवला. नशीब त्या नळ्या काचेवर होत्या. त्या नसत्या तर एका बाईची पाच वर्षांची गोळी आमच्या सहीनं हुकली असती. म्हणून तुकडा काढताना नुसतं विचारा, फॉर्मलिन आहे ना? कुणाला राग आला तर येऊ दे.

मामीचं फिश दहा दिवसांनी पॉझिटिव्ह आलं. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं "अरेरे" केलं, आणि मामा तिला म्हणाले, "न्हाई ओ, ह्याला औषध हाय." मग आपला मुद्दा मांडावा तसं डॉक्टरांना विचारलं, हिच्या गाठीचा स्वभाव कसा आहे ते एक सांगा आणि हिला काय काय लागू पडेल ते दुसरं सांगा. डॉक्टरांनी चष्मा काढून एकदा माझ्याकडं बघितलं. मग बऱ्याच वेळ बोलले, स्वभाव मधला आहे म्हणाले, काखेतल्या एका गाठीत गेलेला आहे, वेग आहे. लागू पडेल ते तीन, केमो, ट्रॅस्टुझुमॅब, आणि नंतर हार्मोनची गोळी. ट्रॅस्टुझुमॅबनं हृदयाचा जोर कमी होऊ शकतो म्हणून दर तीन महिन्यांनी टू-डी इको. "शंभरातल्या किती जणी बऱ्या होतात" ह्याचा आकडाही त्यांनी दिला, आणि मामीनं पहिल्यांदाच तोंड उघडलं, "आणि मी त्यातली कितवी?" ते कुठल्याच मार्करला सांगता येत नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं.

घरी आल्यावर मामांनी मेणाचे ब्लॉक आणि काचा, जे मी आठवणीनं मागून घेतले होते कारण मुंबईला टाटात जायचं झालं तर पहिलं तेच मागतात, ते सातबारा आणि सोसायटीच्या कागदांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले. किती वर्षं टिकतं म्हणून विचारलं. म्हटलं, नीट ठेवलं तर वीस-पंचवीस वर्षं आरामात, उद्या नवीन औषध आणि नवीन मार्कर निघाला तर ह्याच तुकड्यावर तपासता येईल. फक्त मेण साठ अंशांच्या आतच वितळतं, पेटी पत्र्याखाली माळ्यावर ठेवू नका. मामा उठले आणि पेटी खाली आणून बेदाण्याच्या बॉक्सच्या मागं, भिंतीकडच्या गार कोपऱ्यात सरकवली.